गाठ किती वाजता काढली? सांगलीतल्या टिश्यू बँकेच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

सांगलीतली दोन आणि मिरजेतलं एक, अशा तीन रुग्णालयांनी मिळून टिश्यू बँक, म्हणजे काढलेल्या गाठींचे तुकडे संशोधनासाठी जपून ठेवायची सोय, करायची हे ठरून चार महिने झाले. आज पहिला पैसा खर्च झाला, म्हणून नोंदही आजपासून. मी पॅथॉलॉजिस्ट. सोबत एक टेक्निशियन आणि अर्धवेळ डेटा भरणारी एक मुलगी.

ऑपरेशनात काढलेली गाठ आमच्याकडे येते, रिपोर्ट जातो, तपासलेले तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये कपाटात राहतात आणि उरलेला भाग काही आठवडे फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रवात राहून जाळायला जातो. गाठीतल्या जनुकांवर काम करणाऱ्याला ताजा गोठवलेला तुकडा लागतो आणि त्यासोबत त्या माणसाची नीट माहिती लागते. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये, चेन्नईत आयआयटी मद्रासमध्ये अशा पेढ्या आहेत. आमच्या भागातल्या माणसांच्या गाठी मात्र आमच्याच भागात जाळल्या जातात, हे मला वर्षानुवर्षं सलत होतं.

सुरुवातीला दोनच कर्करोग घेतोय, तोंडाचा आणि स्तनाचा. या दोन्हींची ऑपरेशनं तिन्ही ठिकाणी दर आठवड्याला होतात. एकट्या रुग्णालयाला संख्या जमणार नाही. तिघांनी मिळून करायचं तर तिघांची पद्धत एकच हवी, आणि खरी मेहनत तिथेच असणार.

उणे ८० अंशांचा फ्रीझर ७ लाख ६० हजार, स्टॅबिलायझर ४२ हजार.

२२ जानेवारी

फ्रीझरसाठी तळमजल्यावरची खोली रंगवून, एसी बसवून तयार केली होती. आमचे जुने इलेक्ट्रिशियन काका आले, भिंतीकडे बघत म्हणाले, "मॅडम, एकोणीसला पाणी इथवर होतं." रंगाखाली गेलेली रेघ त्यांनी बोटाने दाखवली. माझ्या छातीच्या वर.

२००५, २०१९, २०२१ असे तीन पूर सांगलीने पाहिले. मी इथे राहते, तरी फ्रीझरची जागा ठरवताना मला हे सुचलं नाही. कंपनीने 'तळमजला, मजबूत फरशी' सांगितलं आणि मी मान डोलावली.

फ्रीझर दुसऱ्या मजल्यावर हलवला. लिफ्टमध्ये मावला नाही. खिडकीची चौकट काढून, क्रेन लावून चढवला. क्रेन, गवंडी, नवीन वायरिंग मिळून ५३ हजार आणि नऊ दिवस गेले.

१२ फेब्रुवारी

एथिक्स कमिटीने संमतीपत्र दुसऱ्यांदा परत पाठवलं, आणि त्यांचं बरोबर होतं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जैविक नमुने आणि माहितीसाठ्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. त्यावरून मी इंग्रजीत मसुदा केला आणि मराठी करून घेतलं. वाक्यं चार-चार ओळींची झाली. "भविष्यातील अनिर्दिष्ट संशोधनार्थ" असं एक वाक्य होतं. ते आमच्या वॉर्डातल्या मावशींना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हंजे गाठ विकणार काय?"

'बँक' या शब्दानेच घोटाळा होतो. लोकांना वाटतं, ठेव ठेवली तर व्याज मिळणार, किंवा कुणीतरी विकून पैसे करणार. म्हणून संमतीपत्रात पहिल्या तीन ओळी अशा केल्या: 'तुमच्या उपचारासाठी गाठ काढणारच आहे. तपासणी पूर्ण होऊन उरलेला लहान तुकडा आणि थोडं रक्त आम्ही संशोधनासाठी जपून ठेवू का? नाही म्हणालात तरी उपचारात काहीही फरक पडणार नाही.' पैसे मिळणार नाहीत आणि घेतले जाणार नाहीत, हे वेगळ्या ओळीत ठळक केलं. संमती नंतर मागे घेता येते, हेही.

मिरजेला अथणी, कागवाडकडचे पेशंट रोज येतात. त्यांच्यासाठी कानडी प्रत केली. जतचेही बरेच लोक घरी कानडीच बोलतात, त्यांनाही तीच लागली.

संमती घ्यायची वेळ ठरवली: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी, घरचं माणूस शेजारी असताना. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात, स्ट्रेचरवर सही घ्यायची नाही. घाबरलेला माणूस कशावरही सही करतो.

४ मार्च

पहिलं सँपल. ते बिघडलं. कसं बिघडलं ते सविस्तर लिहिते, कारण पहिल्या दिवशी कुणाचंही असंच होईल.

जिभेच्या कडेची गाठ. सिस्टरनी फोन केला, "मॅडम, स्पेसिमेन निघालं." वॉर्डबॉय मामा स्टीलचा डबा घेऊन निघाले. ओटी तिसऱ्या मजल्यावर, पॅथॉलॉजी पहिल्या. लिफ्टमध्ये पेशंटची ट्रॉली होती. ट्रॉली आधी, हा नियम बरोबरच आहे. मामा थांबले, मग जिन्याने आले. डबा उघडला तर बर्फाच्या पाण्यात गाठ तरंगत होती. बर्फ घालायचा एवढंच आम्ही सांगितलं होतं, कसा ते सांगितलं नव्हतं. पाण्यात राहून पेशी फुगतात, फुटतात. रिपोर्टपुरतं निभावलं, पण गोठवायला काही घेतलं नाही.

आता पद्धत अशी: लसीचे डोस नेतात तो निळा कॅरियर, त्यात गोठवलेले आइसपॅक. गाठ कोरड्या झाकणाच्या डबीत, डबी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी आइसपॅकमध्ये. सलाइन नाही, ओला गॉज नाही. कॅरियर १,९०० रुपयाला एक, तीन घेतले.

दुसरी गोष्ट ओटीतल्या सगळ्यांसमोर सांगितली: आधी निदान, मग बँक. कडांना शाई लावून, मापं घेऊन, रिपोर्टला लागणारे तुकडे काढून झाल्यावर उरलं तरच आमचं. दीड सेंटिमीटरच्या गाठीला आम्ही हात लावत नाही.

१४ मार्च

नऊ पेशंटची सँपल जमली. प्रत्येकी गाठीचे दोन तुकडे, लांबच्या निरोगी भागाचा एक, सगळे अर्ध्या सेंटिमीटरचे. शिवाय जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त दोन तासांच्या आत यंत्रात फिरवून वरचा प्लाझ्मा आणि मधला पांढरा थर वेगळा केलेला.

आज खोका उघडला तर चार व्हायलवरची (तुकडे ठेवायच्या झाकणाच्या छोट्या नळ्यांवरची) लेबलं खोक्याच्या तळाशी. साधा स्टिकर उणे ८० ला धरत नाही. दोन व्हायलवर मार्करने नंबर होता, तो स्पिरिटच्या बोटांनी पुसला गेला होता. एकूण सहा व्हायल कुणाच्या ते सांगता येईना. टेक्निशियन म्हणाला, खोक्यातल्या जागेवरून अंदाज लावू. नाही लावला. सहाही काढून टाकल्या. अंदाजाने नाव दिलेलं सँपल पुढे कुणाच्या तरी निष्कर्षात शिरतं आणि मग कुणालाच शोधून काढता येत नाही.

क्रायो लेबलं, रेझिन रिबन आणि थर्मल प्रिंटर मिळून ३१ हजार. लेबल गोठवण्याआधी, कोरड्या व्हायलवर लावायचं. दव धरलेल्या व्हायलवर कुठलंच लेबल बसत नाही.

२ एप्रिल

मिरजेची अडचण. तिथे फ्रीझर नाही. मिरज-सांगली अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, पण संध्याकाळी विश्रामबागेतून यायला किती वेळ लागेल सांगता येत नाही. म्हणजे गाठ मिरजेतच गोठवून आणायला हवी आणि त्यासाठी द्रव नायट्रोजन हवा. पुण्याच्या पुरवठादाराने एका फेरीचे जे पैसे सांगितले ते ऐकून फोन ठेवला.

तोडगा आमच्या टेक्निशियनच्या घरून निघाला. त्याचा चुलता भिलवडीकडे जनावरांना कृत्रिम रेतन करतो. गायी-म्हशी भरवायला वीर्याच्या कांड्या नायट्रोजनच्या जारमध्येच फिरवतात. ती साखळी या जिल्ह्यात गावोगाव पोचलेली आहे. वेळच्या वेळी भरून मिळणारा नायट्रोजन आपल्या पायाशी होता आणि मी पुण्याला फोन करत होते. वीस लिटरचा जुना जार १४ हजारांना मिळाला. नायट्रोजन ५५ रुपये लिटर.

चुलत्यांनी एक गोष्ट शिकवली जी कुठल्याच माहितीपत्रकात वाचली नव्हती: जारची मान पांढरी पडली, घाम धरू लागली, तर व्हॅक्यूम गेला समजायचं. लाकडी पट्टी बुडवून रोज पातळी बघायची, दव चढलं तेवढा नायट्रोजन.

९ एप्रिल

व्हायल फुटली. नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवलेली व्हायल बाहेर काढून ठेवली आणि काही सेकंदांत झाकण उडून छताला लागलं. झाकणाच्या आट्यांतून द्रव आत शिरतो, बाहेर आल्यावर त्याचा वायू होतो आणि वाट मिळाली नाही की स्फोट. टेक्निशियनच्या डोळ्यांवर गॉगल होता म्हणून निभावलं. तोंडावर ढाल नव्हती. ही चूक माझी, सुरक्षेचं साहित्य आधी आणायला हवं होतं.

आता फेस शिल्ड आणि क्रायो ग्लोव्ह्जशिवाय जारला हात लावायचा नाही. व्हायल द्रवात बुडवून ठेवायची नाही, तुकडा गोठला की वरच्या वाफेत टांगायची. खोलीची खिडकी उघडी, कारण नायट्रोजन साठला तर प्राणवायू कमी होतो आणि माणसाला कळतही नाही.

२० मे

काल रविवारी दुपारी वळवाचा पाऊस झाला, दोनच्या सुमारास वीज गेली ती रात्री नऊला आली. रुग्णालयाचा जनरेटर लगेच सुरू झाला. फ्रीझर मात्र बंद राहिला. जानेवारीत वरच्या मजल्यावर वायरिंग करताना तो प्लग जनरेटरच्या लाइनवर घ्यायचा राहिला होता. चार महिन्यांत कुणी तपासलं नाही. आज सकाळी फ्रीझरच्या मेमरीत सर्वांत वरचं तापमान उणे ४७ दिसलं.

आत ६१ व्हायल. त्या फेकल्या नाहीत, पण लपवलंही नाही. प्रत्येकीच्या नोंदीत तारीख, तापमान आणि अंदाजे तास लिहिले. डीएनएच्या कामाला त्या बहुधा चालतील, आरएनएच्या कामाला द्यायच्या नाहीत. आरएनए म्हणजे जनुकांची पेशीतली कामाची प्रत, ती फार लवकर मोडते.

दुरुस्ती: लाइन बदलली (२,२०० रुपये). बॅटरीवर चालणारा, सिमकार्डवरून तिघांना मेसेज करणारा तापमान नोंदक बसवला (१८,५००). रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या. रिकामा फ्रीझर लवकर तापतो, बर्फाने भरलेला तग धरतो. दर महिन्याच्या एक तारखेला मुद्दाम मेन स्विच बंद करून बघायचं.

८ जून

फॉर्मवर एक रकाना होता: 'तंबाखूचे सेवन: होय/नाही'. तोंडाच्या कर्करोगाच्या ११ बायकांपैकी आठजणींपुढे 'नाही'. मला पटेना. कवठेमहांकाळकडच्या एक आजी वॉर्डात होत्या. त्यांच्या खाटेवर बसून विचारलं.

"तंबाखू खाता का?"

"न्हाई बाई. कधीच न्हाई."

"मग मिश्री?"

"ती लावती की. सकाळी, जेवल्यावर आन् झोपताना. ती काय तंबाखू हाय व्हय?"

चाळीस वर्षं, दिवसातून तीन वेळा भाजलेला तंबाखू हिरडीला. आमच्या फॉर्मवर त्या 'नाही' होत्या. कुणी या माहितीवर अभ्यास केला असता तर निष्कर्ष निघाला असता की सांगलीच्या बायकांना तंबाखूविना तोंडाचा कर्करोग होतो.

रकाना मोडून सात केले: मिश्री, तंबाखू-चुना, मावा, गुटखा, विडी, सिगरेट, तपकीर. प्रत्येकापुढे कितव्या वर्षी सुरू केलं, दिवसातून किती वेळा, तोंडात कुठल्या बाजूला धरतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, म्हणून लोक सांगायला कचरतात. तेव्हा प्रश्न 'खाता का' असा नाही, 'पुडी किती दिवस पुरते' असा विचारायचा. आठहीजणींना परत विचारलं. सहाजणी मिश्री लावत होत्या, एकीचा तंबाखू-चुना. आठव्या आजींनी खरंच काही घेतलेलं नव्हतं.

२७ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. प्रत्येकाच्या मोबाइलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी उघडी: इशारा ४० फुटांवर, धोका ४५ फुटांवर. ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली. जार भरून वरच्या मजल्यावर ठेवलाय, फ्रीझर गेलाच तर खोके त्यात हलवता येतील तेवढे हलवायचे.

सँपल नाहीत म्हणून तिन्ही रुग्णालयांची माहिती एकत्र लावायला बसलो. दोन गोष्टी निघाल्या. एका ठिकाणी तोंडाच्या गाठीची टी-अवस्था (गाठ किती वाढली त्याची पायरी) कर्करोगाच्या अवस्था ठरवणाऱ्या नियमांच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे, फक्त लांबी-रुंदीवरून लिहीत होते. आठव्या आवृत्तीत गाठ किती खोल गेली तेही धरतात. म्हणजे एकाची 'टी-टू' आणि दुसऱ्याची 'टी-टू' या वेगळ्या गाठी. आता नुसती अवस्था लिहायची नाही. लांबी, खोली मिलिमीटरमध्ये, कर्करोग पोचलेल्या लसिका ग्रंथींची संख्या, आणि कुठली आवृत्ती. अवस्था नंतर कुणालाही काढता येते, मोजलेलं नसेल तर काहीच काढता येत नाही.

दुसरी: तीन पेशंट दोनदा मोजले गेले होते. बायोप्सी मिरजेत, ऑपरेशन सांगलीत. एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं. आता नाव आणि सांकेतिक नंबर जोडणारी वही एकच, कुलपात, माझ्याकडे आणि एथिक्स कमिटीच्या सचिवांकडे. संगणकावर नाव कुठेच नाही.

जाता जाता: एका ठिकाणी फॉर्मलिन नळाच्या पाण्यात पातळ करत होते. ते आम्लधर्मी होतं, तुकड्यात काळपट रंग बसतो आणि ब्लॉकमधला डीएनए खराब होतो. एक लिटरला १०० मिली फॉर्मलिन, ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम. खर्च नगण्य, बिनतक्रार बदललं.

२१ ऑगस्ट

पुण्याहून आरएनएचे निकाल आले. मे महिन्यातल्या व्हायल वगळून १६ सँपल ड्राय आइसमध्ये पाठवली होती, प्रत्येकी १,४०० रुपये. आरएनएच्या धडपणाला १ ते १० गुण देतात, सातच्या वर असतील तर समाधान. सहा सँपल सातच्या वर. चार मधली. सहा पाचच्या खाली, एक तर ३.१.

कारण शोधायला नोंदवही उघडली. गाठ निघाल्यापासून गोठेपर्यंतची मिनिटं, हा रकाना मी सगळ्यांत महत्त्वाचा म्हणून पहिल्या दिवशी आखला होता. सोळाच्या सोळा ठिकाणी २०. एकीकडे १९ नाही की २३ नाही. मी ही वही पाच महिने रोज हाताळत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

कुणावर ओरडले नाही. सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच म्हणाला होता वीस मिनिटांत व्हायला पाहिजे." खरं होतं. मी अपेक्षा सांगितली आणि त्यांनी अपेक्षा लिहिली. संध्याकाळी सगळं आवरल्यावर, एकदम.

भूलतज्ज्ञांच्या कागदांवर वेळा असतात, त्यावरून जमेल तेवढं परत काढलं. एक गाठ ११.०५ ला निघाली होती आणि आमच्या रजिस्टरला १२.४० ला पोचली. मधल्या वेळात मामा जेवायला गेले होते आणि डबी टेबलावर होती. सहा खराबांपैकी तिघांना तासाहून अधिक वेळ लागला होता. दोघांच्या तुकड्याची शेजारची काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर बहुतेक मेलेल्या पेशीच. सहाव्याचं कारण सापडलं नाही.

यातून दोन बदल. प्रत्येक गोठवलेल्या तुकड्याच्या अगदी शेजारची काप स्लाइडवर घ्यायची आणि त्यात कर्करोगाच्या पेशी किती टक्के, मेलेला भाग किती टक्के, ते लिहायचं. आणि मिनिटांचा रकाना रद्द. त्याऐवजी घड्याळातल्या तीन वेळा: रक्तवाहिनी बांधली, गाठ बाहेर आली, तुकडा गोठला. वजाबाकी आम्ही करू. आधीच्या सगळ्या 'वीस'पुढे 'विश्वासार्ह नाही' असं लिहिलं. एकूण ७४ पेशंट.

५ सप्टेंबर

एका सँपलला उणे ४ मिनिटं लागली. म्हणजे गाठ बाहेर येण्याआधी गोठली. ओटीचं घड्याळ आमच्या घड्याळाच्या ११ मिनिटं पुढे होतं. मिरजेतलं सहा मिनिटं मागे. आता वेळ फक्त मोबाइलवरची, आणि कॅरियरच्या झाकणाला दोरीने पेन बांधलेलं कार्ड. जो माणूस हात लावेल त्याने तिथल्या तिथे वेळ लिहायची. मामांनी स्वतःहून एक सुचवलं: कॅरियर निघाला की ओटीतून लिफ्टमनला एक मिस्ड कॉल. लिफ्ट ओटीच्या मजल्यावर येऊन उभी असते.

३० सप्टेंबर

गौरी-गणपतीनंतरची पहिली २२ सँपल. वेळा आता वेगवेगळ्या आहेत: १४, ३१, १८, ४७. ते ४७ बघून मला बरं वाटलं. कुणीतरी खरं लिहिलं. त्या दिवशी रक्तस्राव झाला होता आणि सिस्टरना पेशंटकडे बघायचं होतं, तसं कार्डावर लिहिलंय.

२१ ऑक्टोबर

सहा महिन्यांनी पेशंट कसा आहे, हे कळलं नाही तर तुकड्याची किंमत निम्मी होते. ४० जणांना फोन केले. १७ लागले. बाकीचे बंद, किंवा नंबर जावयाचा, किंवा "ते ऊसतोडीला गेले." बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालते ती कार्यकर्ते गावात जाऊन माणसं भेटतात म्हणून. आम्ही फोनवर भागवू पाहत होतो. आता संमतीपत्रावर दोन नंबर घेतो, एक गावातल्या शेजाऱ्याचा, आणि परवानगी असेल तरच आशाताईंचं नाव. महिन्यातून दोन शनिवार टेक्निशियन आणि मी गाडी काढतो. पेट्रोल आतापर्यंत ६,८०० रुपये. गेल्या शनिवारी मिश्रीवाल्या आजींकडे गेलो. घाव भरलाय, मिश्री बंद आहे, सुनेचीही त्यांनी बंद करवली आहे.

१४ नोव्हेंबर

पहिली माघार. पलूसकडच्या एका पेशंटचे वडील जूनमध्ये संमती देऊन गेले होते. पेशंट मुलगा, वय २६, मावा. तो बरा होऊन आला आणि म्हणाला, सही वडिलांनी केली, मला कुणी विचारलं नाही. फाइल काढली. तो शुद्धीवर होता, सज्ञान होता, तरी सही वडिलांची. आमची सरळ चूक. त्याची माफी मागितली.

त्याच्यासमोर तीन व्हायल आणि प्लाझ्मा काढला, नष्ट केल्याची नोंद त्याला दाखवली, वहीतली ओळ सचिवांसमोर खोडली. पण एक तुकडा ऑगस्टमध्ये पुण्याला गेला होता, तो वापरून संपला आहे आणि त्याचा आकडा तिकडच्या कागदावर आहे. तो परत आणता येत नाही हे त्याला सांगावं लागलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे आधी लिहिलं असतं तर मी विचार करून सांगितलं असतं."

संमतीपत्रात आज ओळ घातली: 'तुम्ही संमती मागे घेतलीत तर शिल्लक नमुना आणि माहिती नष्ट करू. त्याआधी संशोधनात वापरलेला भाग परत आणता येणार नाही.' कानडीतही तीच. सही पेशंटचीच, तो सही करू शकत नसेल तर कारण लिहायचं. सुधारित प्रत उद्या एथिक्स कमिटीकडे जाईल. जुन्या ९६ संमतीपत्रांपैकी सही कुणाची आहे ते तपासायला घेतलंय, आज रात्रीपर्यंत ५८ झाली. आणखी चार निघाली.